मूठभर चांदण्या, वीस हजार क्विंटल आकाश

गोंदिया स्टेशनच्या बाहेर येऊन रात्री आठ वाजता मान वर केली, तर स्वच्छ आकाशातही शंभराच्या आतच तारे हाती लागतात. त्याच वेळी साठेक किलोमीटर दक्षिणेला, नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर अमावास्येच्या रात्री कोणी उभं असेल, तर त्याच्या डोक्यावर अडीच-तीन हजार असतात. आकाश दोघांचं एकच आहे. मधे फक्त दिवे आहेत.

अडीच हजार हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणून आधी त्याचंच माप घेऊ. गोंदिया जिल्हा धानाचा, तेव्हा माप तांदळाचंच बरं. मध्यम जाडीच्या तांदळाचे किलोत साधारण पन्नास हजार दाणे भरतात. एक तारा म्हणजे एक दाणा धरला, तर सर्वांत काळोख्या रात्री, सर्वांत तीक्ष्ण नजरेला दिसणारं सगळं आकाश पन्नास-साठ ग्रॅमचं, म्हणजे एक मूठ. आता आपल्या आकाशगंगेत तारे किती? खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज १० हजार कोटींपासून ४० हजार कोटींपर्यंत जातो. कमीतला कमी आकडा घेतला तरी २० हजार क्विंटल तांदूळ होतो. पन्नास किलोचे ४० हजार कट्टे, एक अख्खी मालगाडी जवळजवळ भरेल इतके. आणि नोव्हेंबरच्या रात्री नवेगावच्या पाळीवरून डोक्याच्या जरा उत्तरेला जो एक पुसट, लांबट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, ती देवयानी दीर्घिका. तिच्यात तारे आहेत सुमारे एक लाख कोटी. अशा दहा मालगाड्या, एका ठिपक्यात.

हा ठिपका शहरातून दिसत नाही. मालगाड्या तिथेच उभ्या असतात, आपल्याला मात्र मूठही नीट भरता येत नाही.

आता दिव्यांचं गणित. जिल्ह्यातला सर्वांत मोठा दिवा कोणता असं विचारलं, तर उत्तर तिरोडा. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण ३,३०० मेगावॅट. ही वीज महाराष्ट्रभर जाते. राज्यातल्या कित्येक शहरांच्या झगमगाटात तिचा वाटा आहे. सूर्य एका सेकंदात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, तेवढी तयार करायची असेल, तर तिरोड्याचे पाचही संच एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने सुमारे ३६७ कोटी वर्षं चालवावे लागतील. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं आहे. म्हणजे पृथ्वीवर जीवसृष्टीची पहिली चाहूल लागली त्या काळात केंद्र सुरू केलं असतं, तर आत्ता कुठे सूर्याच्या एका सेकंदाची भरपाई झाली असती.

आणि सूर्य काही फार मोठा तारा नव्हे. जानेवारीच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून सोळाएक अंशांवर एक ठळक पांढरा तारा दिसतो. तो अगस्त्य. सुमारे ३१० प्रकाशवर्षं दूर असूनही तो रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आहे, कारण त्याची तेजस्विता सूर्याच्या दहा हजार पटींच्या घरात आहे. दिल्लीतून तो क्षितिजावर जेमतेम नऊ अंश वर येतो आणि तिथल्या धुरकट हवेत बहुधा हरवतो. लंडनमधून तो कधीच दिसत नाही. गोंदियाच्या अक्षांशाला ही देणगी फुकट मिळालेली आहे. फक्त दक्षिण क्षितिज मोकळं हवं आणि त्या बाजूला गावाचा उजेड नको.

प्रकाशवर्ष हे एकक आपण सहज बोलून जातो, म्हणून तेही एकदा जमिनीवर आणून पाहू. एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. सूर्यापासून पृथ्वीचं अंतर १५ कोटी किलोमीटर. ते सगळं आक्रसून एक मिलिमीटर केलं, असं समजा. गोंदिया स्टेशनच्या फलाटावर सूर्य ठेवला, तर तो साध्या डोळ्यांना दिसणारही नाही, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असेल. पृथ्वी एक मिलिमीटरवर, नेपच्यून तीन सेंटीमीटरवर. आपली सगळी ग्रहमाला तळहातावर मावली. या नकाशात एक प्रकाशवर्ष ६३ मीटरचं होतं. व्याध येतो साडेपाचशे मीटरवर, अभिजित दीड किलोमीटरच्या थोडा पुढे, रोहिणी चार किलोमीटरवर. कृत्तिकांचा पुंजका २८ किलोमीटरवर, म्हणजे तिरोड्याच्या आसपास. मे महिन्यात दक्षिणेला दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, ज्यात सुमारे एक कोटी तारे कोंबलेले आहेत, तो हजार किलोमीटरच्या पलीकडे, मुंबई ओलांडून अरबी समुद्रात. आणि देवयानी दीर्घिका १ लाख ५८ हजार किलोमीटरवर. पृथ्वीला जवळजवळ चार प्रदक्षिणा घातल्या म्हणजे तिथे पोचू. तरीही तिचा प्रकाश नवेगावच्या पाळीवर उभ्या माणसाच्या डोळ्यात शिरतो. २५ लाख वर्षं प्रवास करून, वाटेत कुठेही न अडकता. तो निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर जन्माला यायला अजून बावीस लाख वर्षं अवकाश होता.

याच नोव्हेंबरच्या रात्रीत एक योग मला फार आवडतो. महिन्याच्या मध्याला रात्री आठच्या सुमारास वायव्येला अभिजित मावळतीकडे झुकलेला असतो आणि पूर्वेला तांबूस रोहिणी वर येत असते. अभिजित सुमारे २५ प्रकाशवर्षं दूर, रोहिणी सुमारे ६५. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या सुमारास अभिजितावरून निघालेला प्रकाश इथे पोचला २०२४ च्या आसपास. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. त्या सुमारास रोहिणीवरून निघालेला प्रकाश पोचला २०२५ च्या आसपास. एका बाजूला जिल्ह्याचा जन्म, दुसऱ्या बाजूला राज्याचा, दोन्ही एकाच आकाशात. शाळेच्या सहलीला मुलांना एवढं दाखवलं तरी प्रकाशाचा वेग पाठ करून घ्यावा लागणार नाही.

मग जायचं कुठे? इथेही आकडेच वाट दाखवतात. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७० च्या दशकात शहरांच्या उजेडाची मोजमापं घेऊन एक साधं सूत्र मांडलं: शहराच्या झळाळीचा परिणाम लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो, पण अंतराच्या अडीचाव्या घाताने घटतो. म्हणजे अंतर दुप्पट केलं की झळाळी निम्मी होत नाही, साडेपाचपटींहून जास्त घटते. गोंदिया शहरापासून दहा किलोमीटरवर थांबण्याऐवजी पन्नास किलोमीटरवर गेलात, तर शहराची झळाळी ५६ पट कमी. पेट्रोलच्या काही लिटरमध्ये एवढा मोठा गुणाकार दुसरीकडे कुठे मिळत नाही. सूत्र तिकडच्या त्या काळच्या दिव्यांवरून काढलेलं आहे, म्हणून आपल्याकडे आकडा नेमका तेवढाच येईल असं नाही, पण दिशा बरोबर आहे.

हेच सूत्र नागपूरला लावलं तर सावध व्हायला होतं. २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहर १ लाख ३३ हजारांचं, नागपूर २४ लाखांचं, म्हणजे अठरा पट. त्यामुळे शंभर किलोमीटरवरचं नागपूर, आकाशाच्या दृष्टीने, एकतीस किलोमीटरवरच्या गोंदियाइतकंच जवळ असतं. म्हणून जिल्ह्यात जागा निवडताना नागपूर आणि गोंदिया दोघांकडेही पाठ करायची: पूर्वेला सालेकसा-दरेकसा, आग्नेयेला देवरी, दक्षिणेला अर्जुनी मोरगाव.

माझी पहिली पसंती अर्जुनी मोरगाव तालुका. एक म्हणजे नवेगावबांध, जिथला तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि ज्याच्या काठी मारुती चितमपल्लींनी आयुष्यातली मोलाची वर्षं काढली. दुसरं, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, गोठणगावजवळ. धरणाच्या किंवा मोठ्या तलावाच्या उत्तर काठावर उभं राहिलं, की समोर दक्षिणेला पाण्याचा सपाट पसारा येतो. झाडं नाहीत, घरं नाहीत, क्षितिज थेट पाण्याला टेकलेलं. अगस्त्य, ओमेगा सेंटॉरी, आणि मे महिन्याच्या मध्याला रात्री अकराच्या सुमारास क्षितिजापासून जेमतेम आठ अंशांवर येणारा मित्र, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताराप्रणालीतला तेजस्वी तारा, ४.३७ प्रकाशवर्षांवरचा. हे तिघेही बुटके पाहुणे आहेत. त्यांना झाडाची एक फांदीसुद्धा आड येते. त्यामुळे घनदाट जंगलापेक्षा पाण्याची पाळ केव्हाही चांगली. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव. त्यातला एखादा आपल्या गावाच्या बाहेर असतोच. बोदलकसा आणि चोरखमारा हे तलाव देखणे आहेत, पण तिरोडा जवळ असल्यामुळे मी त्यांना दुसऱ्या रांगेत ठेवतो.

नागझिऱ्याचं नाव मुद्दाम शेवटी घेतो. नवेगाव-नागझिरा हा २०१३ साली जाहीर झालेला व्याघ्र प्रकल्प आहे, आणि अंधार पडल्यावर जंगलात पायी फिरायला मनाई आहे. ती योग्यच आहे. बिबट, अस्वल आणि वाघ यांची ती वेळ असते. ती त्यांचीच राहू द्यावी. आकाश पाहायचं ते विश्रामगृहाच्या अंगणातून, किंवा जंगलाबाहेरच्या पाळीवरून, गावातल्या माणसाला बरोबर घेऊन. देवरी-सालेकसा भागात रात्री थांबणार असाल, तर पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा. पाय झाकणारे बूट घाला. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर थंडीतही साप असतात.

वेळ निवडण्याचं गणित जागेपेक्षा अवघड आहे. आकाशगंगेचा सर्वांत दाट, तेजस्वी भाग, म्हणजे तिच्या केंद्राकडचा, संध्याकाळी दक्षिणेला सर्वांत उंच येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, नेमका जेव्हा इथे ढग आणि रोवणी दोन्ही जोरात असतात. म्हणून तो पाहायचा तर उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे, किंवा मेमध्ये मध्यरात्रीनंतर. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि हवा धुरकटते. त्या दिवसांत अपेक्षा थोडी कमी ठेवावी. महाशिवरात्र मात्र हुकवू नये. ती दरवर्षी अमावास्येच्या आदल्या रात्री येते, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला तेव्हा मोठी यात्रा भरते आणि माणसं जागीच असतात. यात्रेच्या उजेडापासून काही किलोमीटर दूर, इटियाडोहच्या बाजूला पहाटे दोन-अडीचनंतर आग्नेयेला पाहा. सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवरचं आकाशगंगेचं केंद्र वर येत असतं. तिथे सूर्याच्या ४० लाख पटींहून अधिक वस्तुमानाचं कृष्णविवर बसलेलं आहे. दरेकसाजवळच्या कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेला असते. तिथे श्रद्धेसाठी जरूर जावं, ताऱ्यांसाठी पंधरा दिवसांनी पुन्हा. बाकी ज्यांना मध्यरात्रीपेक्षा आधीची वेळ हवी, त्यांच्यासाठी दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. झाडीपट्टीत मंडईनंतर नाटकांसाठी रात्र-रात्र जागायची सवय आहेच. त्यातली एक रात्र आकाशाला द्यायची.

पाळीवर पोचल्यावर पहिला अर्धा तास काहीही पाहायचा प्रयत्न करू नका. डोळ्यांत दोन कामं चालू असतात. बाहुली दोन मिलिमीटरपासून सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते, हे काही सेकंदांत होतं. पण खरं काम आतल्या शलाका पेशींचं, ज्या प्रत्येक डोळ्यात नऊ ते बारा कोटी असतात. त्यांच्यातलं प्रकाश टिपणारं रसायन उजेडात विरलेलं असतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा साठतं. वीस मिनिटांनी फरक जाणवतो, तीस-चाळीस मिनिटांनी डोळा पूर्ण तयार होतो. उजेडातल्या डोळ्यापेक्षा हजारो पट संवेदनशील. मग जो तारा जेमतेम दिसतो, त्याच्याकडून डोळ्यात दर सेकंदाला प्रकाशाचे जेमतेम हजारेक कण येतात. फक्त हजार. मोबाईलचा पडदा एकदा लखकन उजळला, की त्याहून अब्जावधी पट कण आत घुसतात आणि अर्ध्या तासाची कमाई जाते. बरोबरचा एक जण "किती वाजले" म्हणून फोन काढतो आणि सगळा गट पुन्हा शून्यावर येतो, हे मी पाहिलेलं आहे. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या बांधा. लाल उजेड शलाका पेशींना फारसा छेडत नाही.

डोळा तयार झाला, की नुसते तारेच नाही, मधल्या अंधाराचेही आकार दिसू लागतात. या भागातल्या गोंड समाजाने हे आकाश शेकडो वर्षं वाचलेलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तेव्हाच्या आंध्रातल्या सुमारे १५ गोंड गावांत फिरून त्यांचं आकाशज्ञान नोंदवलं; तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आपण ज्याला सप्तर्षी म्हणतो, त्यातले चार तारे त्यांच्याकडे म्हातारीची खाट आहेत आणि मागचे तीन, ती खाट पळवायला आलेले चोर. मृगात त्यांना नांगर दिसतो. आकाशगंगा म्हणजे गुरांची वाट. ऋषी, शिकारी आणि स्वर्गीय नदी यांच्याऐवजी खाट, नांगर आणि गुरं. ज्यांनी हे आकाश वाचलं ते शेतातून घरी परतणारे लोक होते, हे त्यातून लखलखीत दिसतं. पण गुरांची वाट शहरातून दिसतच नाही. २०१६ मध्ये फाबियो फाल्की आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशानुसार जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांच्या डोक्यावरचं आकाश प्रकाशाने मलिन झालेलं आहे, आणि एक-तृतीयांशाहून अधिक माणसांना त्यांच्या घरून आकाशगंगा कधीच दिसत नाही. जी कथा सांगायला आकाशात पानच उरलं नाही, ती नातवाला कशी कळणार?

आकाश उजळण्याचा वेग पाहिला तर काळजी वाढते. २०२३ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात क्रिस्टोफर किबा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींवरून त्यांनी दाखवलं, की २०११ ते २०२२ या काळात आकाशाची उजळण दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. जिथे मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतील. नोंदी बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आहेत, त्यामुळे गोंदियाचा वेग नेमका हाच असं म्हणता येणार नाही. पण गावोगावी पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी बसताना आपण पाहतोच आहोत. निळसर प्रकाश हवेत जास्त विखुरतो. निळ्या ४५० नॅनोमीटरचा, पिवळ्या ५९० नॅनोमीटरच्या तुलनेत सुमारे तिप्पट. खांबावरचा दिवा आडवा किंवा वर तोंड करून बसवला, तर त्याचा बराच उजेड रस्त्यावर पडतच नाही. तो वीजबिलात येतो, रस्त्यावर येत नाही.

उपाय जवळच्याच एका जिल्ह्यात झालेला आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले, झाकलेले दिवे बसवण्यात आले. शंभरावर दिवे; जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधावी लागेल. नवेगाव-नागझिऱ्याभोवतीच्या गावांत हे करणं अशक्य तर सोडाच, महागही नाही. अंधार राखला की रात्री फिरणारे प्राणी, पाणपक्षी, कीटक सगळ्यांचंच भलं होतं, आणि गावातल्या तरुणांना वाघाशिवाय दुसरंही काही दाखवता येतं.

सुरुवात मात्र दिव्यांपासून नको, मोजणीपासून हवी. 'ग्लोब ॲट नाइट' हा जागतिक उपक्रम २००६ पासून चालतो आणि किबांच्या अभ्यासातल्या नोंदी त्यातूनच आल्या. त्यात भाग घ्यायला दुर्बीण लागत नाही; दिसलेलं आकाश उपक्रमाच्या तारानकाशांशी ताडून कळवायचं असतं. त्याच्या जोडीला स्वतःची एक मोजणीही ठेवता येते. डिसेंबर-जानेवारीत अमावास्येच्या आठवड्यात रात्री नऊनंतर मृगाच्या चार कोपऱ्यांच्या ताऱ्यांमधला चौकोन पाहा आणि त्याच्या आत किती तारे मोजता येतात ते लिहा. शहरात मधले तीन, फार तर अजून दोन-चार. इटियाडोहच्या काठावर ते कितीतरी पटींनी जास्त असतील. जिल्ह्यात आठ तालुके आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. प्रत्येक तालुक्यातल्या एका शाळेने दर हिवाळ्यात एवढा एक आकडा वहीत लिहून ठेवला आणि नकाशाशी ताडलेली नोंद उपक्रमाकडे पाठवली, तर पाच वर्षांत चाळीस नोंदी होतील, आणि कुठल्या गावाचं आकाश किती वेगाने उजळतं आहे हे जिल्ह्याला स्वतःच्या आकड्यांत सांगता येईल.